नाखवा मॅडमची कात्री

माधवीताई नाखवांशी माझी ओळख भांडणाने झाली. आठ वर्षांपूर्वी कल्याणच्या एका मैदानावर मी आमच्या डोंबिवलीच्या शाळेतल्या मुलींचा बास्केटबॉलचा संघ घेऊन गेलो होतो. मॅच सुरू व्हायला पाच मिनिटं होती आणि ही बाई माझ्या मुलींना रांगेत उभं करून एकेकीचा हात उलटासुलटा करून बघत होती. एका हातात श्रीखंडाचा रिकामा डबा, दुसऱ्या हातात बोथट टोकाची छोटी कात्री. कानातले, अंगठ्या, चेन डब्यात जायच्या आणि ज्याची गाठ सुटत नाही ते कात्रीने कापलं जायचं. फ्रेंडशिप डे होऊन तीनच दिवस झाले होते. माझ्या मुलींच्या मनगटांवरचे सगळे रंगीत पट्टे तिने कचाकचा कापले, दोघी रडायला लागल्या आणि मी सरळ तिच्या अंगावर धावून गेलो. नियमात दागिना लिहिलंय, दोरा कुठे लिहिलाय, असं मी विचारलं. ती शांतपणे म्हणाली की बोट अडकतं ते दागिन्यातही अडकतं आणि दोऱ्यातही, बोटाला नियम वाचता येत नाही. मग माझ्याकडेच बघून म्हणाली, सर, तुमच्या सहा नंबरचा शर्ट चड्डीत खोचायला सांगा. ती मॅच आम्ही हरलो आणि मी घरी जाऊन बायकोला सांगितलं की एका वेड्या बाईमुळे हरलो.

पुढे मी रेफरीची परीक्षा दिली, पास झालो आणि त्याच वेड्या बाईबरोबर शिट्टी वाजवायला लागलो.

माधवीताई ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यातल्या. आई रंगूबाई कोपरीच्या बाजारात मासळी विकायची आणि पोरीने चड्डी घालून चेंडूमागे धावावं हे तिला शेवटपर्यंत पटलं नाही. तरी मॅचच्या दिवशी पोरीला घरातलं एक काम सांगायची नाही. लग्न होऊन माधवीताई कोपरीतच राहिल्या. सकाळी सहा ते दुपारी एक त्या तिथल्याच एका लॅबमध्ये रक्त काढतात. दिवसाला पन्नास-साठ लोकांचे हात त्यांच्या हातात येतात. एकदा टेंभी नाक्यावर चहा पिताना मला म्हणाल्या होत्या, माणूस तोंडाने खोटं बोलतो, पण हात ओढून घेतो की पुढे करतो त्यावरून मला सगळं कळतं. मी म्हटलं, मॅडम, लॅब सोडा आणि हात बघायचा धंदा टाका, जोरात चालेल. त्या हसल्या नाहीत. त्यांना माझे विनोद फारसे कळत नाहीत, किंवा कळतात आणि आवडत नाहीत.

त्यांच्या स्वतःच्या मनगटावर एकवीरा आईचा दोरा असतो. मॅचच्या दिवशी तो दोरा सगळ्यात आधी डब्यात जातो, तोही मुलींच्या समोर. म्हणजे देवाचं नाव पुढे करून वाद घालायची सोय त्यांनी आधीच बंद करून टाकली होती.

आमच्या ठाणे-कल्याणच्या रेफरींत या तपासणीचे दोन पंथ आहेत. पुस्तक एकच. दागिने नकोत, हाता-मनगटावर कडक वस्तू नको, नखं कापलेली हवीत, शर्ट खोचलेला हवा, आत रंगीत टी-शर्ट नको. पण ऊन चढत असतं, एका दिवसात सहा मॅच उरकायच्या असतात, आयोजक घड्याळ दाखवत असतात. त्यामुळे आमच्यातले बहुतेक जण रांगेसमोरून चालत जातात आणि सगळं ठीक ना रे, एवढं विचारतात. मुलं हो म्हणतात, की झाली तपासणी. मी या पंथातला. शाळेतली पोरं आहेत, खेळू द्यावं, असं माझं मत होतं आणि ते मी मोठ्या आवाजात सांगायचो. दुसऱ्या पंथात माधवीताई एकट्याच होत्या. पाठीमागे आम्ही त्यांना कस्टमवाली म्हणायचो.

त्यामागचं कारण मला फार उशिरा कळलं, तेही दुसऱ्याच कुणाकडून. रेफरी म्हणून त्यांच्या पहिल्याच वर्षी करिश्मा नावाच्या एका मुलीने कानातल्या बाळ्या निघत नाहीत म्हणून सांगितलं आणि माधवीताईंनी बरं म्हणून सोडलं. दुसऱ्या मिनिटाला रिबाउंडच्या धक्काबुक्कीत कुणाचं तरी बोट बाळीत अडकलं आणि पोरीची कानाची पाळी खालपर्यंत फाटली. माधवीताईंनी स्वतःच्या रुमालाने तो कान दाबून धरला होता. दुसऱ्या दिवशी त्यांनी कात्री घेतली. हे ऐकल्यावर मी त्यांना कस्टमवाली म्हणणं सोडलं, पण माझी तपासणी होती तशीच राहिली.

गेल्या डिसेंबरात डोंबिवलीत एका संस्थेने सतरा वर्षांखालच्या शाळकरी मुलींची स्पर्धा ठेवली होती. शनिवारी सकाळी दोन सेमीफायनल आणि दुपारी अडीचला फायनल. माधवीताईंची लॅब असल्यामुळे त्या दुपारीच येणार होत्या. मैदानाच्या दारातल्या फळ्यावर सगळ्या मॅचचे रेफरी खडूने लिहिलेले होते. फायनलसमोर दोन नावं, नाखवा मॅडम आणि माझं.

सकाळची दुसरी सेमीफायनल माझ्याकडे होती. टिटवाळ्याच्या एका शाळेचा संघ होता. त्यांचे क्रीडाशिक्षक प्रीतम सर, पंचविशीतले, उत्साही, संघासाठी जीव टाकणारे. त्यांच्या संघातली सात नंबरची कृतिका मला आधीच्या वर्षापासून माहीत होती. उंच, काटकुळी, बोलायला अगदी कमी. त्या वर्षी माधवीताईंनी तिच्या पायातला काळा दोरा कापला होता आणि ती एक शब्द न बोलता पाय पुढे करून उभी राहिली होती.

मी नेहमीसारखा रांगेसमोरून निघालो. सगळं ठीक ना, असं विचारत शेवटपर्यंत पोहोचलो तर कृतिका रांगेतून एक पाऊल पुढे आली आणि तिने डावा हात माझ्यासमोर धरला. मनगटावर क्रेप बँडेज गुंडाळलेलं होतं.

"सर, हे चेक करा ना," ती म्हणाली.

लागलंय का, असं मी विचारलं. ती हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही. हात मात्र तसाच धरून ठेवला. आयोजकांचा माणूस टेबलाजवळून घड्याळ दाखवत होता. बँडेज आहे, मऊ आहे, चालतं, असं म्हणून मी तिला जा म्हटलं. तरी ती दोन क्षण हलली नाही. कसली प्रामाणिक पोरगी आहे, असं माझ्या मनात आलं आणि मला कौतुकही वाटलं. मग मी शिट्टी वाजवली.

ती मॅच मी विसरणार नाही. टिटवाळ्याच्या अडतीस गुणांपैकी सव्वीस एकट्या कृतिकाचे होते. ती बॉल कुणाला देतच नव्हती. दोनदा जोरात पडली, गुडघा सोलला, पाणीसुद्धा प्यायली नाही. शेवटचे आठ सेकंद उरले तेव्हा संघ एका गुणाने मागे होता. ती मधून घुसली, समोरच्या मुलीवर आदळली, दोघी खाली आणि बॉल रिंगमध्ये. फाउल कुणाचा, हा प्रश्न तिथे खरोखर पन्नास-पन्नास होता. समोरची जागेवर उभी होती असं म्हटलं असतं तर बास्केट रद्द आणि टिटवाळा घरी. मी बास्केट धरली. अडतीस-सदतीस. हरलेल्या संघाचे सर माझ्यावर दुपारपर्यंत चिडलेले होते.

दोनला माधवीताई आल्या. लॅबमधून थेट आल्यामुळे अंगाला स्पिरिटचा वास होता. पाणी प्यायल्या, एकवीरेचा दोरा सोडून डब्यात टाकला आणि आम्ही दोघं मुलींच्या रांगेकडे गेलो. मी बाजूला उभा राहून जांभया देत होतो. पाचसहा कानातले, एक अंगठी, एक केसांची धातूची क्लिप, एवढं निघालं. कृतिका रांगेत सगळ्यात शेवटी उभी होती. माधवीताई समोर आल्यावर तिने हात पुढे केला.

माधवीताई म्हणाल्या, सोडव. प्रीतम सर मध्ये पडले की सकाळी सुदेश सरांनी हे पास केलंय. माधवीताईंनी माझ्याकडे एकदा पाहिलं. पट्टी चालते, पण आत काय आहे ते बघावं लागतं, असं त्या म्हणाल्या. तोवर कृतिकाने पट्टी सोडवायला घेतलीही होती. तिचा हात इतका घाईने फिरत होता की पट्टी खाली मातीत पडली.

मनगटावर पिवळ्या दोऱ्यात बांधलेलं हळकुंड होतं.

मला आधी काही कळलंच नाही. म्हणजे डोळ्यांनी दिसत होतं आणि डोकं घ्यायला तयार नव्हतं. हळकुंड काही सत्यनारायणाला बांधत नाहीत, नजर लागू नये म्हणून बांधत नाहीत. नवरानवरीच्या हातात बांधतात. माझ्या हातात बांधलं होतं, माझ्या बायकोच्या हातात बांधलं होतं. समोर सात नंबरच्या शर्टात दहावीतली मुलगी उभी होती, गुडघ्यावर सकाळची जखम होती आणि दोऱ्याभोवतीची कातडी पिवळी झाली होती.  मी टेबलापाशी गेलो, संघाचा फॉर्म काढला आणि तिची जन्मतारीख बघितली. पंधरा वर्षं आठ महिने. मी बोटांवर पुन्हा मोजलं. तेवढेच आले.

परत आलो तेव्हा माधवीताई तिचं मनगट धरून उभ्या होत्या, लॅबमध्ये पेशंटचं धरतात तसं. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. इतक्या वर्षांत मी त्यांना गोंधळलेलं पाहिलं नव्हतं. कधी, एवढंच त्यांनी विचारलं. कृतिका म्हणाली, उद्या सकाळी दहाला, गावी. आज संध्याकाळी हळद. वडील आजारी आहेत, त्यांना डोळ्यांदेखत उरकायचंय. आई रडते, पण बोलत नाही. घरी तिने सांगितलं होतं की आज प्रकल्पाचे मार्क द्यायचेत, गेलं नाही तर शाळेतून माणूस घरी येईल. त्या भीतीने सोडलं. चार वाजता मामा टिटवाळ्याला शाळेच्या दारात न्यायला येणार होता. हे सगळं तिने एका दमात, पाठ केलेलं म्हणावं तसं सांगितलं. मग कात्रीकडे बघून म्हणाली, "कापा ना, मॅडम."

मला वाटलं आता कापणार. ती कात्री मी शंभर वेळा चालताना पाहिली होती. पण माधवीताईंनी कात्री डब्यात ठेवली आणि झाकण लावलं. हे अजून कुणाकुणाला दिसायला हवंय, तोवर राहू दे, असं त्या तिला हळू आवाजात म्हणाल्या.

प्रीतम सर घामाघूम झाले होते. त्यांना यातलं काही माहीत नव्हतं हे मी शपथेवर सांगेन. पण त्यांच्या तोंडून जे निघालं त्याने मी पुन्हा हादरलो. ते म्हणाले, मॅडम, घरचा मामला आहे, पट्टी परत बांधू, आधी फायनल होऊ दे, मग बघू. त्यांच्या संघात सातच मुली होत्या आणि जिंकून देणारी एकच. आणि खरं सांगायचं तर माझ्याही मनात तेच आलं होतं. दुसऱ्याच्या घरात आपण कोण पडणार, पोरीचा बाप उद्या मैदानावर आला तर काय, असलंच काहीतरी. फक्त प्रीतम सर माझ्याआधी बोलले.

"सर, तिच्या हातात कडक वस्तू आहे. ती खेळणार नाही," माधवीताई म्हणाल्या. "आणि ती घरीपण जाणार नाही."

पहिलं वाक्य पुस्तकातलं होतं. दुसरं त्यांचं स्वतःचं. दोन्ही त्यांनी एकाच आवाजात सांगितली, त्यामुळे प्रीतम सरांना दोन्ही नियमच वाटले असावेत. 

मग माधवीताईंनी फोन काढून मुलांच्या हेल्पलाइनचा एक शून्य नऊ आठ लावला. नाव, वय, शाळा, लग्नाचं गाव, वेळ, सगळं स्पष्ट सांगितलं. प्रीतम सरांना बजावलं की मामाचा फोन आला तर आज उशीर होणार आहे एवढंच सांगा, आणि ते खरंच असेल. माधवीताईंनी आयुष्यात पहिल्यांदा मॅच वीस मिनिटं उशिरा सुरू केली. आयोजक ओरडत होते आणि त्या सगळ्या मुलींची नखं पुन्हा तपासत होत्या, एकेक बोट, दहाच्या दहा. मग फायनल सुरू झाली. कृतिका बेंचवर बसली, शर्ट खोचून, हात मांडीवर, हळकुंड सगळ्यांना दिसेल असं. तिच्या मैत्रिणी धावताना मध्येच तिच्याकडे बघायच्या आणि बॉल हातून सुटायचा. मी काय शिट्ट्या वाजवल्या ते मला आठवत नाही.

दुसरा क्वार्टर संपत आला तेव्हा बालसंरक्षणच्या दोन बायका आणि एक महिला पोलीस आल्या. मैदानाला लागूनच असलेल्या क्रीडा खोलीत त्यांनी कृतिकाशी बोलून घेतलं, हाताचे फोटो काढले, फॉर्म नेला. एक गाडी परस्पर टिटवाळ्याला गेली. बाहेर आल्यावर कृतिका त्या बाईंना काहीतरी विचारत होती. बाई हसल्यासारख्या झाल्या आणि माधवीताईंना म्हणाल्या, मुलीला खेळायचंय, आमचे फोटो झालेत, खेळू दे.

माधवीताईंनी डबा उघडला. कात्री काढून त्यांनी ती कृतिकाच्या हातात दिली आणि म्हणाल्या, "तू काप."

डावं मनगट, उजव्या हातात कात्री. बोथट कात्रीने हळदीतला दोरा पटकन कापला जात नव्हता. तीनचार वेळा प्रयत्न करावा लागला. आम्ही सगळे बघत होतो, कुणी पुढे झालं नाही. हळकुंड डब्यात पडलं त्याचा आवाज मला टेबलापर्यंत ऐकू आला. शेवटचा क्वार्टर ती खेळली. फार काही चांगली खेळली नाही. संघ अकरा गुणांनी हरला आणि मुलींनी जिंकल्यासारखा दंगा केला.

लग्न थांबलं. अठरा पूर्ण होईपर्यंत लग्न लावणार नाही, असं घरच्यांनी लिहून दिलं. मामाने माधवीताईंच्या लॅबपर्यंत येऊन शिव्या घातल्या. बाहेर रांगेत बसलेले लोक ऐकत असताना त्या म्हणाल्या, नंबर लावा, रक्त द्यायचं असेल तर उपाशीपोटी या. कृतिकाने मार्चमध्ये दहावी दिली. ती आता कल्याणला मावशीकडे राहते. आठवड्यातून एकदा माधवीताईंचा तिला फोन असतो. त्या अभ्यासाचं विचारतात आणि नखं कापलीस का तेही विचारतात.

हे सगळं सांगताना एक गोष्ट मी मागे ठेवली, कारण ती सांगायची मला लाज वाटते.

मॅच संपल्यावर त्या बायकांनी क्रीडा खोलीत पुन्हा बसून सगळं नीट लिहून घेतलं. साक्षीदार म्हणून मी आणि माधवीताईही होतो. लिहिणाऱ्या बाईंनी कृतिकाला विचारलं की याआधी कुणाला सांगितलं होतंस का. तिने माझ्याकडे बोट केलं नाही, नुसती मान वळवली.

"सकाळी या सरांना हात दाखवलेला. ते जा म्हणाले," ती म्हणाली. "तोंडाने सांगायला जमतच नव्हतं. मग फळ्यावर बघितलं, फायनलला मॅडम होत्या. मॅडम सोडवून बघतात. म्हणून फायनलला यायलाच पाहिजे होतं. सेमी हरलो असतो तर गाडी तिथूनच परत गेली असती."

आवाजात तक्रार नव्हती. असती तर बरं झालं असतं. बाईंनी ते जसंच्या तसं लिहून घेतलं.  माधवीताईंनी श्रीखंडाचा डबा माझ्या मांडीवर ठेवला आणि मुलीला पाणी आणायला गेल्या. मी तो डबा धरून बसलो होतो आणि मला सकाळचे ते शेवटचे आठ सेकंद दिसत होते. दोघी मुली खाली पडलेल्या, बॉल रिंगमध्ये, सगळं मैदान माझ्याकडे बघतंय. फाउल कुणाचा होता ते मला तेव्हाही नक्की माहीत नव्हतं, आजही नाही. भूक लागली होती, ऊन लागत होतं, मॅच संपवायची होती. ती शिट्टी मी काही विचार न करता वाजवली होती.